पूजा शाळेत जाऊन काय सांगते

तोंड लपवायला जागा नाय गो मला, भिमी! तू शेजारीण, तुलाच सांगते.

ती मुंबईची नम्रताबाई, कॉलेजात मनाचा अभ्यास करते ती, सुट्टीत आपल्या शाळेच्या खोलीत बसून बायकांशी बोलत होती ना? सक्ती नाय, पैसे नायत, ज्याला वाटेल त्याने यावं. तरी एसटीडीवाल्याची बायको नटून गेली! नि आमची सून पूजा तर ऐन भातझोडणीत आज तिसऱ्यांदा निघाली. दर वेळी चांगला तासभर!

माझ्या डोक्यात किडा वळवळला. एवढं काय सांगते ही? माझ्या चुगल्या, दुसरं काय! मग तिच्या आधी मीच जाऊन बसले.

बाईने पहिलंच विचारलं, "मावशी, तुम्हाला यावंसं का वाटलं?"

"लोकांच्या भल्यासाठी," मी म्हटलं. मेली जीभ झडली कशी नाय! मग हळूच विचारलं, "आमची पूजा काय बोलली?"

"ते मी कुणालाच सांगत नाही. तुमचंही तिला सांगणार नाही."

झालं! मग मीच सुटले. पूजा मंद, पूजाचं कामात लक्ष नाय, पूजा उभ्या उभ्या पेंगते. बाईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "ती झोपते कधी?"

मला काय ठाऊक गो! तिच्या आधी मीच झोपते नि कोंबड्याच्या आधी तिला उठवते.

बाहेर पूजा पायरीवर उभी होती. मला बघून दचकली, खाली मान घालून आत गेली. मी घरी जायचं सोंग केलं नि मागच्या खिडकीला कान लावला. हो, लावला! आत चिडीचूप. टाचा उंचावून बघितलं, तर पूजा सतरंजीवर मुटकुळं करून गाढ झोपलेली. केसांत पेंढ्याच्या काड्या तशाच. बाई बाजूला पुस्तक वाचत होती. तिने मला बघितलं, ओठांवर बोट ठेवलं नि खिडकी अलगद लावून घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं गो.

पूजा घरी आली. "बाई लय विचारतात, म्हणून टाइम लागला, आई," म्हणाली. मला तिच्याकडं बघवेना.

"उद्या पण जा हो," मी म्हटलं.

"बाई चालल्या मुंबईला. आता कुठं जायचं?" ती म्हणाली नि सूप घेऊन खळ्यात गेली.

माझ्या घरात उभी राहून बोलली ती हे, भिमी.