खुर्चीला बांधलेला मालक

ऑफिसात त्याला सगळे होयबा म्हणायचे. तेही तोंडावर. आणि हा बाबा त्या हाकेला ‘ओ’ द्यायचा, आता बोला! रंगाच्या कारखान्यात माल रवाना करणाऱ्या विभागाचा तो हेडक्लार्क. साहेबांनी एकदा हिरव्या रंगाचा डबा उघडून विचारलं, “हा लालच ना रे?” तर हा डब्यात वाकून म्हणाला, “हो साहेब, जरासा लालच आहे.” हा किस्सा कुणी दुष्टाव्याने रचलेला नाही. जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच सांगायचा आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचा. आपली आपणच उडवली की लोकांना उडवायला काही उरत नाही, असं त्याचं शास्त्र होतं.

घरी फोन वाजला आणि पलीकडून साहेबांचा आवाज आला, की होयबा उठून उभा राहायचा. बनियनवर असला तर आधी सदरा अडकवायचा. मग वाकून बोलायचा. “अहो, त्यांना दिसतंय का?” बायको विचारायची. “दिसत नसलं म्हणून काय झालं,” हा म्हणायचा, “आवाजातून कळतं माणूस बसलाय की उभा आहे.” लेक लहान असताना हे बघून खो खो हसायची. मोठी झाल्यावर तिचं हसणं थांबलं, आणि मग तिने नाटक लिहिलं.

नाटक गुलामांचं होतं. कुठल्यातरी लांबच्या मुलखातलं, जुन्या काळातलं. एक गुलाम मालकाच्याच घरात जन्मतो, तिथेच वाढतो. शेवटी मालक दार उघडून म्हणतो, ‘जा, तू मोकळा.’ तर हा उंबऱ्यापर्यंत जातो, मागे वळतो आणि विचारतो, ‘जातो मालक, पण परत किती वाजता येऊ?’ तिथे पडदा. होयबाने ते वाचलं आणि डोळे पुसले. “अरेरे,” तो बायकोला म्हणाला, “काय जिणं असेल गं एकेकाचं! नशीब आपण त्या काळात जन्मलो नाही.” बायकोने नवऱ्याकडे बघितलं आणि ती चहा टाकायला गेली.

आता लेकीचं काय पणाला लागलं होतं, ते सांगतो. एका नाट्यशाळेच्या बाईंना तिचं लिखाण आवडलं होतं. पण त्या पक्क्या होत्या. “कागदावर सगळीच नाटकं चांगली असतात,” त्या म्हणाल्या, “उभं करून दाखव, मग शाळेत प्रवेशाचं बघू.” उभं करायला सभागृह हवं, आणि सभागृह होतं कारखान्याचं. होयबा दबकत साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, “घे की! स्नेहसंमेलनात करा. पण गुलामाचं काम मी करणार. रडवणारं काम आहे ते. आणि हो, रवानगीच्या टेबलावर एक जागा रिकामी होतेय. नाटकाची हौस फिटली की तुझ्या मुलीला तिथे बसवू. पाठवशील ना?”

“हो साहेब,” होयबा म्हणाला. प्रश्न पुरता कानात शिरायच्या आत उत्तर बाहेर पडलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला!

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा लेक रडली नाही, ओरडलीही नाही. ती एवढंच म्हणाली, “बाबा, हो तुम्ही म्हणालात. नाही पण तुम्हीच म्हणायचं. मी तुमच्या वतीने म्हणणार नाही.”

“म्हणतो की,” होयबा म्हणाला. “त्यात काय एवढं? दोन अक्षरं तर आहेत.” मग न्हाणीघरात जाऊन आरशासमोर त्याने ती दोन अक्षरं म्हणून बघितली. आरशातल्या माणसाने लगेच नजर खाली घातली.

तालमी सुरू झाल्या. मालकाचं काम होयबाकडे आलं, कारण आवाज खणखणीत आणि पोट बऱ्यापैकी. पहिल्याच प्रसंगात मालक खुर्चीत रेलून बसलाय, पाय स्टुलावर टाकलेत, आणि गुलाम पाण्याचा तांब्या घेऊन येतो. साहेब तांब्या घेऊन आत आले. होयबा ताडकन उठून उभा राहिला.

“बाबा, तुम्ही मालक आहात.”

“हो गं, चुकलो.”

पुन्हा तेच. साहेबांच्या बुटांचा आवाज आला की याची पाठ खुर्ची सोडायची. बिचाऱ्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले, दात आवळले, देवाचा धावा केला, आणि उठला. शेवटी लेकीने स्वतःची ओढणी काढली आणि बापाला कमरेपाशी खुर्चीला करकचून बांधलं. साहेब आत आले. होयबा उठला, खुर्चीसकट. पाठीवर खुर्ची घेऊन, वाकून, हात जोडून म्हणाला, “या साहेब, बसा.” आणि बसायला देण्यासाठी तीच खुर्ची सोडवायला लागला.

सगळे पोट धरून हसले. होयबाही हसला. “गुलामांच्या नाटकात मालकालाच बांधायची वेळ आली,” तो म्हणाला, “काय पण माझा रुबाब!”

तिकडे साहेबांचीही गत फार वेगळी नव्हती बरं का. गुलामाच्या हातून तांब्या पडतो आणि तो धावत उचलतो, असं लिहिलं होतं. साहेबांनी तांब्या झोकात पाडला आणि ते उभेच राहिले.

“साहेब, तांब्या उचलायचाय,” लेक म्हणाली.

“हो, पण उचलणारा कुठाय?” साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. आणि होयबाने खुर्चीसकट रांगत येऊन तो उचलला.

साहेबांत उर्मटपणा नव्हता, हे सांगायलाच हवं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. ज्या घरात ते वाढले तिथे जमिनीवर पडलेली वस्तू थोड्या वेळाने आपोआप जागेवर जायची. वाकायचं कुठून, कमरेतून की गुडघ्यातून, हेही त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ते गुलामापेक्षा पाहणीला आलेल्या इंजिनियरसारखे दिसले.

प्रयोग चार दिवसांवर आला तेव्हा लेकीने डोकं चालवलं. ती गोड आवाजात म्हणाली, “साहेब, मालकाचं काम खरं तर अवघड आहे. त्याला भारदस्त माणूस लागतो. गुलाम काय, कुणीही करील.”

साहेबांना ते पटलं. ते खुर्चीत जाऊन बसले आणि खुर्ची लगेच त्यांची झाली. होयबाने हातात तांब्या घेतला, खांदे आत ओढले, नजर बुटांवर ठेवली. कुणी काही सांगावंच लागलं नाही. पहिल्याच तालमीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “वा, काय अभिनय!” हेडक्लार्कची मान जरा ताठ झाली. फक्त रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘कुणीही करील’ हे शब्द खड्यासारखे टोचत राहिले. कुणीही म्हणजे मीच की, तो स्वतःशी म्हणाला. आणि अभिनय तरी कुठे केला मी?

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. नाट्यशाळेच्या बाई पुढच्या रांगेत कडेला, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. होयबाची बायको त्यांच्या मागे. लेक विंगेत उभी होती आणि नखं खात होती.

दुसऱ्या प्रवेशात गुलाम कोपऱ्यात बसून पाव खातो आणि मालकाची घंटा वाजते. लिहिलेलं एवढंच होतं की तो पाव ठेवतो आणि उठतो. घंटा वाजली. होयबाने पाव ठेवला नाही. भिंतीकडे तोंड वळवून त्याने उरलेला तुकडा झटकन बाहीत सरकवला, मनगटाने तोंड पुसलं, घास न चावता गिळला आणि मग ‘आलो’ म्हणाला.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा बाप एका बंगल्याचा फाटकवाला होता. गॅरेजमागच्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. लांबवर मालकाच्या गाडीचा हॉर्न वाजला की बाप ताटावरून असाच उठायचा, तोंडातला घास तसाच गिळत, उरलेला तुकडा बाहीत. आई पोरांना दटावायची, “उठा रे, बसून काय राहिलात? मान खाली!” पोरंही उठायची. हॉर्न फाटकातून आत जाईपर्यंत सगळं घर उभं, आणि ताटातलं अन्न गार. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण ते सगळं मागे टाकून आलो. सदऱ्याला इस्त्री आहे, टेबलाला काच आहे, हेडक्लार्क आहोत. आणि आज बापच बाहीतून बाहेर आला. होयबाला भर रंगमंचावर रडू फुटलं. बापाची दया आली आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच. लोकांना वाटलं, केवढा नट!

शेवटचा प्रवेश आला. साहेबांनी दार उघडलं आणि झकास आवाजात म्हणाले, “जा. तू मोकळा.” होयबा उंबऱ्यापर्यंत गेला. वळला. तालमीत हे वाक्य त्याला विनोदी वाटायचं. आता तोंड उघडलं आणि त्याला आठवलं, स्वतःच्या लग्नाच्या दिवशी त्याने अर्धाच दिवस रजा घेतली होती, आणि निघताना, मुंडावळ्या खिशात, केबिनच्या दारातून हेच विचारलं होतं.

“जातो मालक,” तो म्हणाला. “पण परत किती वाजता येऊ?”

आधी हशा उठला. मग तो मधेच तुटला. मागे कुणीतरी नाक ओढलं. पडदा पडला आणि टाळ्या थांबेनात.

रंगपटात बाई आल्या. त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. “एक तारखेपासून ये. उशीर केलास तर जागा दुसऱ्याला देईन.” मग होयबाकडे वळून म्हणाल्या, “आणि तुम्ही हो? ते वाकणं कुठे शिकलात?”

“आमच्याकडे!” मागून साहेब आनंदाने म्हणाले. “आमच्याच कारखान्यात तयार झालाय माल.” ते अजून मालकाच्या वेषात होते, खुशीत होते. “पोरी, नाटक फर्मास झालं हं. आता हौस फिटली ना? एक तारखेला टेबलावर ये. जागा अडवून ठेवलीय मी तुझ्यासाठी. काय होयबा, पाठवतोस ना?”

लेक बापाकडे बघत राहिली. बायको दारात येऊन थांबली होती. बाईंना काही कळेना.

होयबा तेव्हा काय करत होता? साहेबांचा कोट धरून उभा होता. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी कोटाकडे नुसतं बघितलं आणि याच्या हातात तो आलाच होता. कमरेतून वाकलेला, दोन्ही बाह्या पसरलेल्या, साहेबांनी फक्त हात घालायचे. ‘हो’ जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. तो जन्मापासून तिथेच राहत होता. होयबाला डोळ्यांसमोर दिसलं, रवानगीचं टेबल, काच, काचेखाली लेकीचा फोटो, आणि लांबून बुटांचा आवाज. लेक उठून उभी राहतेय.

“नाही साहेब,” तो म्हणाला.

साहेबांनी कोण बोललं ते बघायला मागे वळून बघितलं.

“नाही म्हणजे?”

“म्हणजे... ती येणार नाही. मी हो म्हणालो होतो, पण ती येणार नाही.” आवाज बारीक, आणि कोट अजून तसाच धरलेला.

साहेब हसले. “अरे, नाटक संपलं.”

“हो साहेब,” होयबा म्हणाला. “संपलं.”

साहेबांचं हसू विरलं. त्यांनी कोट याच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः घालायला गेले. एक हात गेला, दुसरी बाही सापडेना. मागे चाचपत, स्वतःभोवती गोल फिरत, शेवटी कोट एका खांद्यावर लोंबकळत ठेवूनच ते दाराकडे निघाले.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाबा,” ती म्हणाली.

आणि नेमकं तेव्हाच, साहेबांचा पाय उंबऱ्यावर असताना, होयबाच्या तोंडून निघून गेलं, “साहेब, उद्या नेहमीच्याच वेळेला येऊ ना?”

बाईंनी पर्स घट्ट धरली. बायकोने कपाळावर हात मारला. “अहो!”

“असू दे गं,” होयबा म्हणाला. तो अजून वाकलेलाच होता. तशाच वाकलेल्या पाठीने त्याने लेकीकडे मान वर करून बघितलं आणि हसला. “एक नाही होतं माझ्यापाशी. ते हिला दिलं.”