पत्र्याच्या घराची ओढ

मी एक जुना एसी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. भिंतीला टेकून दिवसरात्र वीज ढोसणाऱ्यांपैकी मी नव्हे. मी उन्हावर चालतो. वर छतावर माझ्या चार काळ्या पाट्या ऊन गोळा करतात आणि त्या उन्हाच्या जिवावर मी खालची खोली गार करतो. बाहेर माणसं घामाघूम होऊन सूर्याला नावं ठेवू लागली, की मला कामाचा हुरूप येतो. ऐकायला हे दुष्टपणाचं वाटेल, पण मला घडवलंच तसं आहे.

माझा जन्म पुण्यातला, शिवण्याच्या एका छोट्या वर्कशॉपमधला. मला घडवणारी माणसं दोन. एक आनंदीताई. सदाशिव पेठेत वाढलेल्या आणि खराडीतली चांगली नोकरी सोडून या खटाटोपात पडलेल्या इंजिनिअर. बोलणं मोजकं आणि तिखट. दुसरे पोपटराव. त्यांनी बर्फाच्या कारखान्यात वीस वर्षं काढली होती आणि फ्रिज-एसीच्या दुरुस्तीत पुढची तेवढीच. थंडीत काम करून करून त्यांची बोटं कायमची थोडी आखडली होती. पण त्याच बोटांनी त्यांनी माझी एकेक तांब्याची नळी अशी जोडली, की आजवर एकही गळलेली नाही.

मी पहिल्यांदा चालू झालो तो दिवस मला लख्ख आठवतो. एप्रिलची दुपार होती. आनंदीताई थर्मामीटर बघून आकडे लिहीत होत्या. पोपटराव माझ्यासमोर दोन्ही तळवे धरून उभे राहिले. गार वारा लागला तसे त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःशीच म्हणाले, "आमच्या शालनला एवढं मिळालं असतं तर."

शालनबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांची एक पत्र्याची खोली आहे. उन्हाळ्यात दुपारी तो पत्रा असा तापतो, की शालनबाई डोक्यावर ओलं फडकं घेऊन उंबऱ्यात बसून राहतात. हे मला पोपटरावांच्याच तोंडून, काम चालू असताना तुकड्यातुकड्यानं कळलं होतं. त्या दिवशीचं त्यांचं वाक्य माझ्या घरघरीत आनंदीताईंना ऐकू गेलं नाही. मला गेलं. पोपटराव कुणाकडं काही मागणाऱ्यातले नव्हते, त्यामुळं ते पुन्हा कुणी ऐकलंही नाही. मला मात्र त्या न पाहिलेल्या घराची ओढ लागली ती लागलीच. ज्यानं आपल्याला घडवलं त्याचं घर तापत असताना आपण दुसऱ्यांच्या खोल्या गार करत बसायचं, हे माझ्या मनाला कधीच पटलं नाही.

पण यंत्राला कोण विचारतो? माझी रवानगी झाली खडकवासल्याच्या पुढं, धरणाच्या पाण्याकाठच्या एका रिसॉर्टवर. मालक सर्जेराव. आठ खोल्या, पोहायचा तलाव, आणि कोकणातून आणून लावलेले चार नारळ, जे कधी धड वाढले नाहीत. हिंजवडीतली मंडळी शनिवार-रविवार तिथं येत. प्रत्येक खोलीत विजेचा एसी, आणि वीज गेली की धडधडणारा जनरेटर. "पावन्यांना गार वाटतंय आन् लाईटबिल बघून मला घाम फुटतोय," असं सर्जेराव येईल त्याला सांगत. त्यांनी एक खोली प्रयोगासाठी दिली. जमलं तर बाकीच्या सातही उन्हावर चालवायच्या, असं ठरलं.

आता आनंदीताईंची गंमत सांगतो. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुपारी एक ते चार सगळे आडवे होत. त्या वेळात बेल वाजवणाऱ्याशी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी धड बोलत नसे. रात्री खिडकी उघडली की पेठेत भागत असे. त्यामुळं माणसाला गारवा लागतो तो दुपारच्या झोपेसाठी, हे त्यांनी गृहीतच धरलं. ऊनही दुपारचं आणि झोपही दुपारची, याच्यापेक्षा चांगलं काय असणार?

झालं असं, की मी एक ते चार जीव तोडून खोली गार करायचो आणि खोलीत चिटपाखरूही नसायचं. पाहुणे तलावात, नाहीतर सिंहगडावर. दिवेलागणीला ते दमूनभागून परतत, गादीवर अंग टाकून रिमोट दाबत, आणि मी मख्खासारखा गप्प. ऊनच मावळलेलं, मी तरी काय करणार! आठवड्याच्या आत सर्जेरावांनी आनंदीताईंना आणि पोपटरावांना बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर उभं केलं.

"ताई, तुमचा एसी लई शाना हाय," सर्जेराव म्हणाले. "मानूस नसलं का गार करतोय, मानूस आलं का झोपतोय."

"दुपारी खोलीत कुणीच नसतं?" आनंदीताईंना खरोखरच नवल वाटलं होतं. "मग झोपतात कधी?"

"रात्री, ताई. समदी दुनिया रात्रीच झोपती. तुमची पेठ सोडून."

आनंदीताईंचा चेहरा असा झाला, की मलाच कसंतरी वाटलं. पोपटराव तोंडाला रुमाल लावून हसत होते. मग रुमाल खिशात घालून ते म्हणाले, "ताई, बर्फाच्या कारखान्यात आम्ही आज लादी पाडायचो आन् गिऱ्हाईक उद्या न्यायचं. गारवा ठेवता येतो. नीट गुंडाळून ठेवला पायजे, बास."

"काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मलाबी दुपारचंच वाटलं की. आमच्याकडं दुपारचाच तरास. मला वाटलं, समद्यांनाच दुपारचा असंल."

आनंदीताईंनी ते ऐकलं, मान डोलावली आणि वहीत टाकीचं चित्र काढायला घेतलं. बर्फाचं तेवढं त्यांनी उचललं. दुपारच्या त्रासाचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी तिथंच भिंतीवर होतो, आणि ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला घरघरण्यापलीकडं काही येत नाही.

खोलीच्या मागं चहूबाजूंनी जाड थर्मोकोल लावलेली एक पाण्याची टाकी उभी राहिली. दिवसभर मी त्या पाण्याचा बर्फ करायचा, आणि रात्री बॅटरीवरच्या एका छोट्या पंपानं तोच गारवा खोलीत फिरवायचा. ऊन मावळलं तरी माझं काम चालू राहिलं. त्या उन्हाळ्यात सर्जेरावांचं बिल असं उतरलं, की दिवाळीच्या आत त्यांनी आठही खोल्या उन्हावर केल्या आणि जनरेटर विकून टाकला.

सहा उन्हाळे मी तिथं राबलो. पाहुणे माझं कौतुक करत, पोरंबाळं माझ्यासमोर केस उडवून घेत. महिन्यातून एकदा पोपटराव येत. पानशेत रस्त्याची धूळ माझ्या पाट्यांवर साचलेली असायची. ते शिडीवर चढून ती मऊ फडक्यानं पुसत, नळ्यांवरून हात फिरवत, आणि मला पुन्हा नव्यासारखं वाटायचं. काम झाल्यावर सर्जेराव म्हणत, "आत बसा की वाईच. गार हाय."

"नगं. गिऱ्हाईकाची खोली हाय," असं म्हणून पोपटराव बाहेर झाडाखाली जाऊन डबा उघडत. त्यांच्या पाठीवर शर्ट चिकटलेला मला खिडकीतून दिसायचा. मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावायचो. पण खिडकी बंद असायची. एसीच्या खोलीची खिडकी बंदच ठेवतात.

पुढं रिसॉर्ट वाढलं, माझ्याहून मोठी नवी यंत्रं आली आणि मला काढून परत शिवण्याला आणलं. आनंदीताईंचा व्याप तोवर चांगला पसरला होता. मी त्यांचा पहिलावहिला, म्हणून मला दाराजवळ चौथऱ्यावर बसवलं, रंग दिला आणि वर पाटी लावली : 'आमचा पहिला एसी. पाहावा. हात लावू नये. चालतो का, असे विचारू नये.' माझ्या चार पाट्या गोणपाटात गुंडाळून मागं उभ्या केल्या. लोक येत, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढत आणि जात.

मित्रांनो, मानाला काही तोटा नव्हता. पण वर्कशॉपच्या मागं जुनं वडाचं झाड आहे, त्यामुळं आत सावली दाट. सकाळी नऊच्या सुमाराला दारातून उन्हाचा एक पट्टा यायचा, माझ्या चौथऱ्यापर्यंत पोचायचा आणि तिथूनच परत फिरायचा. दिवसभरात मला ऊन भेटायचं ते एवढंच. मे महिन्यात लोक बाहेरून कपाळ पुसत आत येऊन म्हणायचे, "काय आग ओकतंय हो!" आणि माझा जीव तुटायचा. एवढं ऊन नुसतं वाया चाललंय, पर्वतीखाली एक पत्रा तापतोय, आणि मी इथं फोटोसाठी बसलोय.

गेल्या मे महिन्यात पोपटराव चार दिवस कामावर आले नाहीत. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पाचव्या दिवशी ते आले ते शालनबाईंना घेऊन. ज्यांची मी इतकी वर्षं वाट पाहिली त्या अशा भेटल्या. अंगानं वाळलेल्या, हातावर सलाईनची पट्टी. दुपारी घरातच त्यांना ऊन लागलं होतं. चक्कर येऊन पडल्या, शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं. यापुढं दुपारची त्या पत्र्याखाली थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"काका, आपल्याकडचा नवा एसी घेऊन जा ना," आनंदीताई म्हणाल्या.

"नगं ताई. फुकटचं आमच्या घरात शोभायचं न्हाई. हितं झाडाची सावली हाय. दुपारची बसंल ती एका बाजूला."

त्यांनी एक स्टूल आणलं आणि नेमकं माझ्या चौथऱ्याला लागून ठेवलं. शालनबाई बसल्या आणि दमून त्यांनी माझ्या अंगाला पाठ टेकली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड तास तो. जिच्यासाठी मी झुरलो ती बाई माझ्यावर रेलून बसली होती, आणि तिला द्यायला माझ्याजवळ वाऱ्याची एक झुळूकही नव्हती.

आनंदीताई पाणी घेऊन आल्या तेव्हा शालनबाई वळून माझ्याकडं बघत होत्या. "ह्योच का त्यो? लई ऐकलंय ह्याचं."

"हो काकू. हाच."

"मग बंद का हाय?"

"पहिला आहे ना. जपून ठेवलाय."

शालनबाईंनी पदरानं माझ्या जाळीवरची धूळ पुसली. "म्हंजी माझ्यावानीच. मलाबी डॉक्टर म्हनलं, काय करायचं न्हाई, नुसतं बसायचं. लई कटाळा येतो ओ ताई, नुसतं बसून." आणि त्या हसल्या.

आनंदीताई हसल्या नाहीत. पाण्याचा पेला हातात तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी पोपटराव घरी निघाले तेव्हा त्यांनी त्यांना थांबवलं.

"पोपटकाका, पत्र्याच्या घरावर आपला एसी कसा चालतो, हे आपण कधी तपासलंच नाही."

"न्हाई तपासलं."

"तपासायला घर हवं आहे. यंत्र नवं मिळणार नाही, हे जुनंच. रोज दुपारी तीनला किती गार झालं ते वहीत लिहायचं. आळस केलेला चालणार नाही."

पोपटरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. आयुष्यभर बंद यंत्रांचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला ताईंचं हे निमित्त कळलं नसेल असं थोडंच आहे? "किती दिवस चालायची ही तपासणी?"

"ऊन पडायचं बंद होईपर्यंत," आनंदीताई कोरडेपणानं म्हणाल्या.

पोपटरावांनी पाना उचलला आणि माझे बोल्ट सोडायला घेतले.

आता मी पर्वतीच्या पायथ्याशी असतो. माझ्या पाट्या पत्र्यापासून हातभर उंचावर लोखंडी अँगलवर बसवल्या आहेत, म्हणजे पत्र्यावर त्यांची सावलीही पडते. इथं बर्फाची टाकी मावत नाही. ऊन आहे तोवर मी आहे.

पहिल्या दुपारी पोपटराव खिडकी लावून, फटींत चिंध्या कोंबून, वही मांडीवर घेऊन बसले. मी सुरू झालो. थोड्या वेळानं शालनबाईंच्या कपाळावरचा घाम वाळला. त्यांनी डोक्यावरचं फडकं काढून घडी घालून ठेवलं. मग त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि दार सताड उघडून गल्लीत हाका मारू लागल्या.

"अगं, दार लाव!" पोपटराव ओरडले. "गारवा चालला भाईर!"

"त्या दीक्षाचं लेकरू घामोळ्यांनी रडतंय सकाळधरनं. या गं आत समद्या."

"अगं एका खोलीचा एसी हाय! तीन वाजायला आल्यात. वहीत काय लिहू मी आता?"

तोवर गल्लीतल्या बायका आत आल्या होत्या. शालनबाईंनी दीक्षाच्या कडेवरचं बाळ घेतलं, त्याला माझ्यासमोर धरलं आणि मागं वळून मोजलं. "लिवा की. आठ बायका आन् एक लेकरू."

पोपटरावांनी थर्मामीटर बाजूला ठेवला आणि तसंच लिहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी चांगली वस्तू कापडात गुंडाळून जपून ठेवलेली असेल, तर तिला एकदा बाहेर काढा आणि जिथं तिची गरज आहे तिथं पोचवा. आम्हाला झिजण्याची भीती नसते. आणि कुठल्या छतावर माझ्यासारख्याच्या पाट्या धुळीनं माखलेल्या दिसल्या, तर त्या कुणाच्याही असोत, फडकं मारा. पाच वाजता शेजारच्या उंच इमारतीआड ऊन जातं आणि मला थांबावं लागतं. तोवर खोलीत कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं, आणि ते जागं होईपर्यंत तरी ऊन राहावं, असं मला रोज वाटतं.