सोन्याचं साल आणि मोज्यातली बाटली

अध्यक्षसाहेब, त्या लबाडाला व्यासपीठावर चढवलंत ते तुम्ही. व्यापारी मंडळाचं प्रमाणपत्र तुमच्या सहीचं, आणि त्याच्यापुढे पहिली मान तुकवली तीही तुमचीच. तेव्हा त्या दिवशी काय घडलं ते आता निमूट ऐका.

मंडळाच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. हॉटेलवाले, दुकानदार, झाडून सगळे वाइनची वर्षाची खरेदी ठरवायला जमले होते. टेबलावर बाटल्यांची रांग, आणि त्यांच्यावर चांदीचा लंबक धरलेले तुमचे ते सालमहाराज. लंबक गरगरला की बाटलीवरचं द्राक्षतोडणीचं साल सोन्याचं, गप्प राहिला की मेलेलं.

"बाटली कुणी भरली, असं विचारतो तो अडाणी!" महाराज गरजले. "माणूस खोटा, आभाळ खरं! जन्मसाल बघा, बाकी सगळी माया!"

"अगदी खरं!" पहिल्या रांगेतून तुम्हीच ओरडलात, अध्यक्षसाहेब.

तिसऱ्या रांगेत कोपऱ्यावरच्या खानावळीची मालकीण बसली होती. पर्समध्ये तिनं लिहिलेली चिठ्ठी होती: काका, यंदा तुमची वाइन नको. टेकडीवरचे मळेवाले काका तिला वीस वर्षं वाइन पुरवत होते. तिची मागणी गेली, तर ते वेली उपटणार होते. तसं त्यांनी कळवलंही होतं, तक्रारीचा एक शब्द न काढता.

"वहिनी, ती चिठ्ठी देणार तुम्ही?" शेजारी बसलेल्या नणंदेनं विचारलं. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.

"मग काय करू? काकांचं साल मेलेलं निघालं. गिऱ्हाईक लंबकाला मानतं, मला नाही."

"लंबकाला वाइन पाजली का कुणी?"

"गप गं! आता चाखायला देतायत."

चाखण्याआधी महाराज 'जिभेची दीक्षा' देत. सोन्याच्या सालाआधी चीजचा तुकडा, मेलेल्या सालाआधी साखरेचा खडा. मालकिणीनं चीज खाऊन सोन्याच्या सालाचा घोट घेतला. लोण्यासारखा उतरला. मग साखर चघळून काकांची वाइन घेतली आणि तिचं तोंडच वाकडं झालं.

तिला ते साल आठवलं. त्या साली ऐन तोडणीत पंधरा दिवस पाऊस लागला होता. ती स्वतः मळ्यावर जाऊन बारक्या कात्रीनं घडातला एकेक सडका मणी काढत बसली होती. काकांनी निम्मं पीक मातीत टाकलं होतं. आणि शेवटी हे असं?

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "मिठाई खाऊन चहा प्यायलात तर कसा लागतो?"

"अगोड लागतो. त्याचं इथं काय?"

तिचं तिलाच उमगलं. ती ताडकन उठली. "महाराज, दीक्षा उलटी द्या! काकांच्या वाइनला चीज, सोन्याला साखर!"

"पापी जिभा!" महाराज कडाडले. "सालाचा कोप होईल!"

"होऊ दे. कोप झाला तर माझ्या खानावळीवर होईल."

लोक हसले. हसलेल्या लोकांना आवरणं महाराजांनाही जमेना. नणंदेनं पिशवीतून शाळेच्या खेळाडूंचे लांब मोजे काढले, तीन बाटल्या पडद्यामागे नेल्या आणि मोजे चढवून आणून ठेवल्या.

"आता सांगा, सोनं कुठलं?"

महाराजांनी लंबक बाटल्यांवरून फिरवला. तो तिसऱ्या बाटलीवर जोरात गरगरला. "हेच! शतकातलं सर्वोत्तम साल!"

नणंदेनं मोजा काढून बाटली पेल्यात ओतली. स्वच्छ पाणी.

"महाराज, हे नळाचं साल. आत्ताच भरलंय."

सभागृह हादरेल असा हशा पिकला. मग उलटी दीक्षा झाली. आता सोन्याच्या सालानं तोंडं वाकडी झाली आणि मेलेलं साल लोण्यासारखं उतरलं. शेवटी नुसता कोरडा पाव खाऊन लोकांनी मोज्यातल्या उरलेल्या दोन्ही बाटल्या, सोन्याची नि काकांची, चाखल्या. काकांच्या बाजूनं जास्त हात वर झाले. सगळे नाही, पण जास्त.

लंबकाचा दोरा बोटांत असतो, बोटं माणसाची असतात, आणि माणसाला बाटलीवरची चिठ्ठी वाचता येते. लंबकातलं देवत्व ते एवढंच.

दाराशी काका टोपी हातात धरून उभे होते. मालकिणीनं त्यांच्यासमोर चिठ्ठी टराटरा फाडली. "चुकले काका. माझ्याच हातांनी सडके मणी काढले, आणि त्याच हातांनी हे लिहिलं. यापुढे नाव बघेन तर तुमचंच."

"तसंही करू नकोस, पोरी," काका म्हणाले. "चांगल्या साली आळशालाही जमून जातं, वाईट साली करणाऱ्याचा कस लागतो. म्हणून साल विचार, करणाराही विचार. पण माझ्या नावालाही लंबक करू नकोस. मीसुद्धा चुकतो. दरवर्षी झाकून चाख, मगच घे."

लोकहो, एवढंच करायचं आहे. झाका आणि चाखा. औषध असो, बियाणं असो, पुढारी असो, वरची चिठ्ठी झाकून आतला माल तपासा. जीभ तुमची आहे, डोकंही तुमचंच आहे.

महाराज मागच्या दारानं पसार झाले, लंबक टेबलावरच राहिला. पण अध्यक्षसाहेब, तुम्ही कुठं जाल? मालकिणीनं सर्वांसमोर तुम्हाला विचारलं की तुमच्या गोदामात तीन वर्षं पडून राहिलेल्या, कुणी न घेतलेल्या वाइनच्या पेट्या नेमक्या त्याच सोन्याच्या सालच्या कशा? तुम्ही चष्मा पुसत बसलात.

चष्मा आता स्वच्छ झाला असेल. तर सांगा, ते साल सोन्याचं आहे हे आधी महाराजांच्या लंबकाला कळलं, की आधी तुमच्या गोदामाला? उत्तर द्या.