सॉमिल डोंगरावरच्या रानमेंढ्या

सॉमिल डोंगरावर रानमेंढ्या आणून सोडल्या त्या सकाळी लावार जेसप चारचौघांत रडला. ट्रेलरचं दार उघडलं तरी आधी एकही मेंढी बाहेर येईना. मग एका थोराड मादीनं अशी काही झेप घेतली की पाहणारे मागे सरकले, आणि बघता बघता सगळा कळप दगडांवरून टापा वाजवत कड्याकडे पसार झाला. लावारच्या आजोबांच्या तरुणपणीच या डोंगरावरची शेवटची रानमेंढी संपली होती. लावारनं त्यांच्याबद्दल फक्त ऐकलं होतं.

"वारा आहे. डोळ्यांत पाणी येतं," तो बायकोला म्हणाला.

"वारा कुठाय रे म्हाताऱ्या?" निओला म्हणाली आणि आपला रुमाल त्याच्या हातात कोंबला.

अमेरिकेतल्या नेवाडाच्या त्या कोपऱ्यात लावारच्या कुत्र्यांसारखी कुत्री कुणाकडे नव्हती. बर्फावर कूगरचा, म्हणजे तिथल्या पहाडी सिंहाचा, माग सापडला की ती कुत्री त्याला झाडावर चढवल्याशिवाय थांबत नसत. पण तरुणपणीची खुमखुमी सरल्यावर लावारनं मारणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. कूगर झाडावर चढला की हा खाली बसायचा, त्याला डोळे भरून बघायचा, कुत्र्यांच्या गळ्यात साखळ्या अडकवायचा आणि घरी यायचा. दरवर्षी एखादा माजलेला नर मारायचा, तेवढंच.

पुढच्या हिवाळ्यात मेंढ्या कमी होऊ लागल्या. त्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे होते. पट्टा हलेनासा झाला की वन्यजीव खात्याच्या माईते एत्चेवेरीला कळायचं, आणि ती त्या जागी चालत जायची. मेंढी अर्धी खाल्लेली, वर माती आणि पालापाचोळा ओढलेला. हे काम कूगरचंच, दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायची सोय नव्हती. कळप इवलासा, त्यात महिन्याला एकदोन जाऊ लागल्या तर उरणार काय? राजधानीतल्या साहेबांनी ठरवलं, कळप मूळ धरेपर्यंत सॉमिलवर एकही कूगर राहू द्यायचा नाही.

ते सांगायला माईते लावारच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. स्पेनकडून येऊन इथे वसलेल्या बास्क मेंढपाळाच्या घरातली मुलगी, बोलणं सरळ.

"हे करून मेंढ्या वाचतीलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, लावार. पण काही न करता त्या वाचणार नाहीत, हे मला दिसतंय."

"मी सांगतो ना छातीठोकपणे," लावार म्हणाला. "कूगर आज संपले तरी पोटासाठी उद्या परत येतात. मेंढी काही परत येत नाही. नर, मादी, सगळे?"

"सगळे."

निओलानं रश्शाचं पातेलं टेबलावर जरा जोरातच ठेवलं. "झाडावरच्या कूगरला गुड मॉर्निंग म्हणणारा माणूस हा. ह्याला सांगतेस तू?"

"दुसऱ्या कुणाला सांगू? फास लावणाऱ्यांना?" माईते म्हणाली.

लावारनं काम घेतलं आणि मन लावून केलं. पहाटे ताजं बर्फ दिसलं की कुत्री पिकअपमध्ये, आणि हा डोंगराच्या वाटेला. पहिला नर मारताना हात जड झाला. मग सवय झाली. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात मिळून त्यानं डोंगर रिकामा करत आणला. मेंढ्यांचे पट्टे हलते राहिले. गावातल्या दुकानात लोक त्याची पाठ थोपटायचे. तो हसायचा आणि लवकर निघायचा.

शेवटी राहिली कूगरची एक मादी. हिवाळा सरत आला होता, तेव्हा तिचा माग एका अरुंद घळीच्या तोंडाशी लागला. कुत्र्यांनी तिला फारसं पळवलंही नाही. ती जवळच्याच जुनिपरच्या झाडावर चढली आणि सारखी मागे वळून घळीकडे बघत राहिली. लावारला ते दिसलं. तिला कुत्र्यांची भीती वाटतेय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि चाप ओढला.

ती खाली पडल्यावर त्यानं तिला उलटी केली. पोटावरचे केस ओले होते. अंगठ्यानं दाबल्यावर दूध आलं.

त्यानं रेडिओवरून माईतेला बोलावलं. ती येईपर्यंत मादीचा माग उलट्या बाजूनं धरून तो वर गेला होता आणि एका कपारीपाशी पोटावर आडवा पडला होता. आत दोन पिल्लं होती. अंगावर काळे ठिपके, डोळे अजून निळे. त्यांनी फिस्कारून त्याच्या हातमोज्यावर पंजे मारले. मग ऊब लागली तशी त्याच्या कोटात शिरली.

"प्राणिसंग्रहालय?" त्यानं विचारलं.

"येता येता सगळ्यांना विचारलं. कुणाकडे जागा नाही."

"मग मी नेतो घरी. निओला बाटलीनं दूध पाजेल."

"आणि मोठी झाल्यावर? कुठे सोडणार, लावार? याच डोंगरावर?"

माईतेनं पाठीवरची पिशवी उतरवली. तिनं सुई भरली आणि पिल्लं त्यानंच धरली, एकामागून एक, कोटाच्या आतच. दुसरं शांत व्हायला जरा वेळ लागला.

त्या दिवशी तो जेवला नाही. निओलानं त्याचा कोट धुवायला घेतला, आतले केस पाहिले, आणि कोट घासत बसली.

"या वर्षी कोकरं झाली की बरं वाटेल," तो खिडकीशी उभा राहून म्हणाला.

आणि कोकरं झाली. एवढी की माईतेलाही खरं वाटेना. लावार रोज दुर्बीण घेऊन पायथ्याशी जाऊ लागला. निओला डबा भरून सोबत यायची. माणूस ज्या कड्यावर पाऊल टाकायला धजणार नाही, तिथे ती चिमुकली कोकरं एकमेकांना ढुशा द्यायची, दगडावरून दगडावर उड्या मारायची.

"ते बघ, तुझ्यासारखं. विनाकारण भांडतंय," निओला म्हणायची. हिवाळाभर न हसलेला माणूस त्या दिवसांत हसला.

मग एके दिवशी त्याला खोकला ऐकू आला. वारा पडला होता, वरच्या उतारावर कुणीतरी माणूस खोकावा तसा आवाज. त्यानं दुर्बीण लावली. एक मेंढी मान खाली घालून, पाय फाकवून उभी होती आणि खोकत होती. बाजूला आणखी एक. एक कोकरू बसलेलं होतं. बाकीची पळाली तरी ते उठलं नाही.

माईतेनं मेलेल्या कोकराचं फुफ्फुस कापून बघितलं. ते दगडासारखं घट्ट झालं होतं.

"न्यूमोनिया," ती म्हणाली. "पाळीव मेंढ्यांचा. त्यांना काही होत नाही, नुसत्या नाकात बाळगतात. रानमेंढ्या मरतात."

"कुणाच्या मेंढ्या?"

"कुणाच्याही असतील. हिवाळ्यात खालच्या दरीतून एवढे कळप जातात. एखादी चुकली असेल, यांच्यात दोन दिवस राहिली असेल. माझ्या मामाचीही असेल." ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. "एक पुरते."

"कूगर असते तर..." लावारनं वाक्य अर्धंच सोडलं.

"चुकलेली मेंढी त्यांनी आधी खाल्ली असती का? असेलही. नसेलही. मला माहीत नाही, लावार. खरंच माहीत नाही."

उन्हाळा संपायच्या आत एकही कोकरू उरलं नाही. मोठ्यांतल्या काही मेल्या, काही खोकत जगल्या. मग माईते परत आली. या वेळी ती आत येईना, फाटकाशीच उभी राहिली. दरीपलीकडच्या डोंगरावर मोठा, निरोगी कळप होता. पानगळीत इथले नर माद्या शोधत तिकडे गेले की रोग तिकडे जाणार. वरून हुकूम आला होता: सॉमिलवरची एकही मेंढी ठेवायची नाही.

"मला सांगायला आलीस?" लावारनं विचारलं.

"तुम्ही नाही म्हणालात तर हेलिकॉप्टरमधून मारतील."

"नाही म्हण," दारातून निओला म्हणाली. "लावार, ऐकतोस का? नाही म्हण तिला."

त्यानं फाटकाचा अडसर चाचपला. "हेलिकॉप्टरमधून घाईत मारतात," तो म्हणाला. "निम्म्या जखमी होऊन कपारीत पडतील."

त्यानं घाई केली नाही. जवळ जाऊन, वारा बघून, एकेक गोळी. माणसाची सवय झालेली ती जनावरं फार लांब पळतही नव्हती. ट्रेलरमधून पहिली उडी मारणारी ती थोराड मादी शेवटच्यांत होती. तिच्या पट्ट्यावरून त्यानं तिला ओळखलं. ती खोकायची थांबेपर्यंत तो थांबला, आणि मग मारली.

खाली उतरताना माईते म्हणाली, "चारपाच वर्षांनी दुसरीकडच्या आणता येतील."

"तोवर कूगर परत आले असतील."

"हो."

"मग?"

ती पुढे चालत राहिली.

पानगळीत माईतेची बदली झाली. निरोप घ्यायला ती आली तेव्हा निओलानं तिला घरी भरलेल्या पीचच्या दोन बरण्या दिल्या आणि अंगणाकडे बोट केलं. कुत्र्यांचे पिंजरे उघडे होते. लावार पाइपनं त्यांची जमीन धूत होता.

"कुत्री कुठायत?" माईतेनं विचारलं.

"दिली."

"सगळी?"

"हं."

"लावार, तुम्ही जे केलं ते..."

"जरा बाजूला हो, पोरी," तो म्हणाला. "भिजशील."

ती बाजूला झाली. त्यानं धुतलेल्या जमिनीवरूनच परत पाणी फिरवलं, आणि ती निघून गेल्यावरही तो ते फिरवत राहिला. शेवटी निओलानं येऊन नळ बंद केला.