संजीवन चूर्णाचा साक्षीदार

नवागामच्या मोकळ्या पटांगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बारा-बारा तास लूमपुढे उभे राहणारे कारागीर, दिवसभर वाकून साड्यांना लेस लावणाऱ्या बाया, पलसाण्याच्या डाइंग मिलमधून आलेले हमाल, सगळ्यांचा एक हात कमरेवर आणि नजर मांडवाकडे. मांडवात भगवा फेटा बांधून वैद्यराज बन्सीलाल महाराज उभे होते.

"बहत्तर हजार नाडी! और हर नाडीत वात बसलाय, चोर जैसा!" महाराज गरजले. "डॉक्टर काय देतो? कॅल्शियम! कॅल्शियम म्हणजे काय? चुना! अरे, चुना भिंतीला लावतात की पोटाला?"

लोक खो खो हसले.

"माझ्या संजीवन चूर्णात मोती आहे, प्रवाळ आहे, हिमालयातली अठरा मुळं आहेत. सूज पळते, हाड पोसतं. कानांनी ऐकू नका, डोळ्यांनी बघा!"

त्यांनी एका म्हातारीला पुढे बोलावलं. पांढऱ्या फडक्याने तिची पाठ पुसली आणि ते फडकं बरणीतल्या पिवळसर 'तीर्थात' बुडवलं. पाणी शाईसारखं काळंनिळं झालं. "हा तुझा वात, माई! वीस वर्षांचा!" मग त्यांनी चिमूटभर चूर्ण टाकून पाणी ढवळलं. काळं पाणी बघता बघता नितळ झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या धुडकूच्या अंगावर काटा आला. तो खानदेशातल्या पारोळ्याकडचा, पंधरा वर्षांपासून सुरतेत लूम चालवणारा. शेजारी त्याची बायको सरलाबाई भिंत धरल्यासारखा त्याचा खांदा धरून उभी होती. चार महिन्यांपासून तिची पाठ दुखत होती. संध्याकाळी बारीक ताप येई, अंगावरचं लुगडं सैल होत चाललं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, पण बजावलं होतं, "गोळ्यांवर थांबू नका. आधी मणक्याचा फोटो काढा." तशी चिठ्ठीही लिहून दिली होती.

महाराजांनी आता मांडवात बादली फिरवली. "चुन्याच्या गोळ्या, डॉक्टरचे कागद, सब इसमें! दोन होड्यांवर पाय ठेवाल तर बुडाल!"

सरलाबाईने चिठ्ठी पदराच्या गाठीतून काढली, पण हात आखडला. "डॉक्टरनी फोटो काढाले सांगेल शे," ती हळूच म्हणाली.

"फोटो काढीसन दुखनं जास का?" धुडकू म्हणाला.

"तुम्ही म्हंतस तं टाकस." आणि तिने ती टाकली.

चौथ्या दिवशी चमत्कार झाला. सरलाबाई पहाटे कुणाचा आधार न घेता उठली, नळावरून हंडा भरून आणला. ताप गेला. जिला अर्धी भाकरी जात नव्हती, ती दोन भाकरी खाऊन तिसरी मागू लागली. महिन्याभरात गाल गोल झाले. "मांस धरलं बाईने," गल्लीतल्या बाया म्हणाल्या. श्रावणात कानबाईदेवीच्या मिरवणुकीत ती अशी नाचली की धुडकू बघतच राहिला. तिचं लग्नातलं हसणं त्याला पुन्हा दिसलं होतं.

मग काय, धुडकू महाराजांचा साक्षीदार झाला. दर रविवारी तो मांडवात उभा राहून सांगू लागला, "मन्ही घरवाली उठी बसली!" महाराजांच्या हातात फडकी देण्याचं कामही त्याच्याकडे आलं. ती फडकी कडक असत, खळ लावून वाळवल्यासारखी. हाताला ते कळत होतं. त्याने मनाला कळू दिलं नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी सरलाबाई अंघोळीला उठली आणि पडली. धुडकूने तिला उचलून खाटेवर ठेवलं. तिने डोकं वर करून पायांकडे पाहिलं, हाताने मांडी चाचपली.

"ओ, मन्हा पाय शेतस ना?" तिने विचारलं.

महाराज घरी आले, दारातूनच म्हणाले, "श्रद्धा कम पड गयी. दुप्पट चूर्ण दे." त्यांनी पुडी दिली आणि निघून गेले.

दुप्पट चूर्णाने काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी कुंदन आपल्या मराठी शाळेतल्या सुलभाबाईंना घेऊन आली. सुलभाबाई विज्ञान शिकवायच्या. खाटेवरच्या सरलाबाईचा गोल चेहरा आणि काटकुळे पाय बघून त्या एवढंच म्हणाल्या, "धुडकूभाऊ, रिक्षा आणा. आणि ती पुडी सोबत घ्या."

मोठ्या दवाखान्यात फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरला. दोन मणके कुरतडल्यासारखे दिसत होते. "हाडाचा टीबी आहे," ते म्हणाले. "चार महिने लवकर आणलं असतं तर नुसत्या गोळ्यांनी बरा झाला असता."

"पण साहेब, ती तं नाचत होती!"

डॉक्टरांनी पुडी बोटांत चोळली. "यात बहुतेक स्टिरॉइड आहे. तपासायला पाठवू. ते खरं औषध आहे, पण मापाने, तपासून द्यायचं. ते दुखणं दाबतं, सूज दाबतं, ताप दाबतं. भूक वाढते, चेहरा फुगतो. माणसाला वाटतं, बरं झालो. पण ते शरीराची लढायची ताकदही दाबतं. हिच्या आत जंतू मणका खात होते, आणि ओरडणारं कुणी उरलं नव्हतं."

तीन आठवड्यांनी अहवाल आला. खडूची भुकटी, हळद आणि स्टिरॉइडच्या कुटलेल्या गोळ्या. मोती नाही, प्रवाळ नाही. हिमालय तर नाहीच.

त्यानंतरच्या रविवारी धुडकू मांडवात गेला. सोबत सुलभाबाई होत्या. लोकांनी नेहमीच्या साक्षीदाराला वाट करून दिली.

"मन्ही बायको उठत नही," धुडकू म्हणाला. "मी तुमले खोटं सांगं."

गलका झाला. "कालपर्यंत तूच सांगत होतास ना!" कुणी ओरडलं. महाराज हसले. "भक्ताचं डोकं फिरलंय. बरणीतला वात तर साऱ्यांनी पाहिलाय!"

"तोच दाखवते," सुलभाबाई म्हणाल्या. त्यांनी धुडकूच्या हातून महाराजांचंच एक फडकं घेतलं आणि मांडवाचा बांबूचा खांब खसाखसा पुसला. मग ते महाराजांच्याच तीर्थात बुडवलं. पाणी काळंनिळं झालं.

"बघा, खांबालाही वात झालाय! याचीही कंबर दुखते का?"

कुणीतरी हसलं, मग मान पुढे काढून बरणीत बघू लागलं.

"हे तीर्थ म्हणजे जखमेवर लावायचं आयोडीन, पाण्यात कालवलेलं. फडक्याला खळ आहे. खळीला आयोडीन लागलं की काळंनिळं होतं. भाताच्या पेजेत टाका, तेच होईल. आणि पाणी नितळ करणारी ही भुकटी फोटो स्टुडिओत मिळते. हायपो म्हणतात." त्यांनी आपल्या पिशवीतून आणलेली चिमूट टाकली. पाणी नितळ झालं. "पाण्यात टाकायची भुकटी वेगळी, तुम्हाला खायला द्यायची वेगळी. पहिली डोळे फसवायला, दुसरी शरीर."

ती पहिल्या दिवशीची म्हातारी पुढे आली. "पण बाई, माझी कंबर दुखायची तर खरंच थांबली!"

"आजी, चूर्णात कुटलेल्या स्टिरॉइडने दुखणं थांबलं. दुखण्याचं कारण थांबलं का? ते तपासल्याशिवाय कसं कळणार? आणि चूर्ण एकदम बंद करू नका, शरीराला त्याची सवय झालेली असते, त्यानेही धोका होतो. उद्या माझ्यासोबत दवाखान्यात चला."

बन्सीलाल मागच्या बाजूने निसटला होता. पुढे पोलिसांनी त्याला पकडलं, असं ऐकलं. धुडकू बघायलाही गेला नाही.

सरलाबाईचं ऑपरेशन झालं. पाय परत आले नाहीत. मग पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या भरेनात. धुडकू तिची कूस बदलायचा, पुसायचा, भरवायचा. एका दुपारी तो खाटेशी बसून लहान मुलासारखा रडला. "तुन्हा कागद मी टाकाले लावा," तो म्हणाला.

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मन्हासाठेच करं तुम्ही."

तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसवलं असतं. हे सोसवेना. माघ महिन्यात ती गेली.

आता गल्लीत कुणाची पाठ दुखली, की माणसं धुडकूकडे येतात. मागच्या आठवड्यात रंजना आली. लेस लावून लावून पाठ धरली होती. हातात एक रंगीत डबा. "भाऊ, ही शक्तीची पावडर चांगली आहे म्हणतात. घेऊ का?"

धुडकूने डबा फिरवून पाहिला. "यात काय आहे, ते लिहिलंय कुठे?"

"नाही."

"तर मग नको. चार दिवसांत सूज पळवतो म्हणेल त्याला विचारायचं, कशाने पळवतो? सांगत नसेल तर उठून यायचं. डाळ, शेंगदाणे, भाजी, अंडं, झेपेल ते खा. गोळी हवी की पावडर, ते डॉक्टरला ठरवू दे. ताप येतो का? वजन उतरलंय?"

रंजनाने मान खाली घातली. "थोडं."

धुडकू उठला, पायात चप्पल घातली. त्या दिवशीचा खाडा त्याला परवडणारा नव्हता. "चल," तो म्हणाला. "आज फोटो काढून घेऊ. आजच."