पाच लाख दहा हजार पाचशे दहा

चंद्रकांत दाढी करताना काहीतरी पुटपुटतो, हे रजनीने आधी स्तोत्र समजून सोडून दिलं होतं. एकदा टॉवेल द्यायला गेली तेव्हा शब्द स्पष्ट ऐकू आले : एकावन्न, शून्य पाच, दहा. तिला पाहताच त्याने नळ मोठा सोडला. पुढे स्कूटरच्या धुळकट सीटवर बोटाने लिहिलेला तोच आकडा दिसला, ५१०५१०. ती बघतेय म्हटल्यावर त्याने तो तळहाताने पुसून टाकला.

शेजारच्या कुसुमताईंना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. सुरतेत सहा आकडी म्हणजे फोनचाच नंबर, असं म्हणून त्यांनी विषय बदलला. ते विषय बदलणंच रजनीला झोंबलं. चंद्रकांत कडोदऱ्याच्या बँकेत होता आणि हल्ली त्याला यायला उशीर होत होता. नवा शर्टही त्याने स्वतःच आणला होता. एरवी ज्याकडे लक्ष गेलं नसतं, ते सगळं आता एकमेकाला जुळायला लागलं.

शेवटी उधन्याच्या एसटीडी बूथमध्ये शिरून तिने नंबर फिरवला. बाईचा आवाज आला आणि तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. पण ती टेप होती. हा नंबर अस्तित्वात नाही, असं गुजरातीत पुन्हा पुन्हा सांगत होती. आधी असेल, आता कापला असेल, असं रजनीला वाटलं.

रविवारी जेवताना तिने विचारलंच, "एकावन्न शून्य पाच दहा कोण आहे?"

त्याचा घास हातातच राहिला. "कोणी नाही," तो म्हणाला, "संख्या आहे."

मग अडखळत त्याने सांगितलं. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा या पहिल्या सातही मूळ संख्यांनी पूर्ण भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या ती.

"मग लपवता कशाला?"

"बँकेत बोललो तर हसले सगळे. म्हटलं, तूही हसशील."

रजनीचा विश्वास बसेना. पेपरच्या कडेला तिने सातही भागाकार केले. बाकी कुठेच उरली नाही. चंद्रकांतला हुरूप आला. यात एक मिळवला की सातांपैकी एकानेही भाग जात नाही, दर वेळी बाकी एक. म्हणजे त्या संख्येला कशानेच भाग जात नाही, असं त्याने ठासून सांगितलं.

"एकोणीसने करून पाहिलंत?"

गरजच नाही, तो म्हणाला. पण इतके दिवस त्याचं कुठलंच बोलणं तिने खरं धरलं नव्हतं, हे तरी का धरावं? तिने भागलं. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर, बाकी शून्य.

त्याने पेपर ओढून घेतला, स्वतः करून पाहिलं, मग पुन्हा एकदा. तो चिडेल म्हणून ती वाट पाहत राहिली. त्याने ताट बाजूला सारलं आणि तिच्याजवळ सरकून बसला.

"आता या उत्तराला कशाने भाग जाईल गं?"

तेवीस, एकोणतीस, एकतीस, करत दोघं आळीपाळीने भागत गेली. सत्त्याण्णवने भाग गेला तोवर भात पार गार झाला होता.