हिरव्या दोऱ्याचा तीर

अमृतरावांनी भात्यातला शेवटचा तीर काढला आणि तो केशवच्या हाती न देता महिपतच्या हाती दिला. केशव समोरच उभा होता. पोटचा पोरगा तो. महिपत कोण, तर केशवच्या बायकोचा भाऊ.

तिराबरोबर अमृतरावांनी आपला कमठाही त्या शिकारीपुरता महिपतला दिला. कमठा म्हणजे बांबूचं धनुष्य, भीमू नावाच्या कोलाम आदिवासीनं वाकवलेलं. भीमूनं मरताना तो आपल्या दोन पोरांना न देता अमृतरावांना दिला होता. फौज आली, निजामी गेली, त्या साली गावोगावच्या बंदुका जमा झाल्या, त्यात अमृतरावांचीही गेली. तेव्हापासून आठ वर्षं म्हातारा कमठ्यावरच शिकार करत होता. पण या हिवाळ्यात त्यांना दोरी छातीपर्यंतही ओढवेना. सत्तरी उलटली होती. हात थरथरायचा.

"आज ज्याचा तीर पयले लागंल, कमठा त्याचा," ते म्हणाले. "मंग तो पोरगा असो का पाहुना. भीमूनं मले असाच देल्ला. वारसानं देत नसतात हे."

केशव म्हणाला, "माह्याजवळ माहा कमठा हाये. मले तो तीर द्या नुसता."

"मांगंच सांगतलं तुले. नाई."

"काऊन?"

"तू मारनार नाईस तो. आढ्यात खोचून ठेवशील."

ते खरं होतं. तिराची पिसं त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं बांधली होती. सासऱ्याचे तीर तीच बांधायची. मोराचं पीस चिरून तीन पाती करायची, लुगड्याच्या काठातला हिरवा दोरा उसवायची आणि दातात धरून असा घट्ट गुंडाळायची की पावसातही सुटत नसे. हिरवा दोरा ही अमृतरावांच्या तिराची खूण. केशवच्या तिराला काळा दोरा, तो त्याचा तो बांधायचा. बायकोला कधी म्हणाला नाही, माझेही बांध. वाटलं, सवड आहे. मागच्या पोळ्याआधी ती काविळीनं गेली. मागं तीन तीर राहिले. एक खडकावर फुटला, एक रानडुक्कर घेऊन पळालं. हा शेवटचा.

आणि तो महिपतला.

महिपत किनवटाकडचा. बहीण गेल्यापासून दर महिन्याला यायचा, येताना म्हाताऱ्याला तंबाखू आणायचा. दोघं ओसरीवर बसून बोलत. सोना लहानपणी कशी झाडावर चढायची, तिनं एकदा भाकरीत मिठाऐवजी पापडखार कसा टाकला, असलं काहीबाही. म्हातारा पोट धरून हसायचा. केशव आला की दोघंही गप्प होत. केशवशी म्हातारा बोलायचा तो बैलाचं आणि कापसाचं. बायको केशवची मेली होती, पण तिची आठवण काढायला त्याला आपल्याच घरात जागा नव्हती. त्यात महिपतचं हसू बहिणीसारखं होतं, आधी नाकानं, मग तोंडानं. ते ऐकलं की केशव गोठ्यात निघून जायचा.

मार्गशीर्षातली पहाट होती. तिघं तामसी गावाच्या अलीकडच्या डोंगरात चढले. आवळे पिकून खाली पडले होते, आणि आवळ्यासाठी सांबर येतंच. अमृतराव चढणीला दोनदा बसले. दोन्ही वेळा हात द्यायला केशव वळला, आणि दोन्ही वेळा महिपतचा हात आधी पुढं आला होता.

"मामा, यंदा आमचा किनवट मुंबई राज्यात गेला न्," महिपत चढता चढता म्हणाला. "तुमी राह्यले आंध्रात. आता सांबरालेबी पुसा लागंल, बाबा, तू कोन्या राज्यातलं?"

"सांबर म्हनंल, आवळा जिकडं तिकडचं," म्हातारा म्हणाला आणि हसला.

"हळू बोला," केशव म्हणाला. "जनावर काय भैरं हाये?"

आवळ्याखाली पोचल्यावर अमृतरावांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि चुलीची राख चिमटीनं उडवली. राख उताराकडं गेली. वारा कळला तशा त्यांनी जागा दिल्या. केशवला समोरच्या करवंदीच्या जाळीत बसवलं, एकटं. महिपतला आपल्याजवळ, खडकाआड घेतलं. केशव जाळीत बसला खरा, पण त्याची नजर खडकाकडंच. म्हातारा महिपतच्या कोपराला हात लावून काही सांगत होता, कोपर वर घे, असं असणार. केशवला धनुष्य शिकवताना त्यांनी कोपरावर काठी मारली होती. लहानपणी कोपर आठ दिवस काळंनिळं होतं.

उजाडता उजाडता सांबर आलं. मोठा नर. शिंगं एवढी की झुडपात अडकतील वाटावं. दोन आवळे खाल्ले, मान वर केली, कान फिरवले. ते केशवकडं तोंड करून उभं होतं. असं उभं असताना तीर सोडायचा नाही, बाजू देईपर्यंत दम धरायचा, हे केशवला बाळपणापासून माहीत होतं. पण सांबर हळूहळू वळायला लागलं, आणि त्याचं अंग खडकासमोर आडवं होत होतं. महिपतला बाजू देत होतं.

केशवनं सोडला.

त्याच क्षणी खडकाआडूनही दोरी वाजली. सांबर उसळलं, जाळ्या मोडत नाल्याकडं पळालं. कोणाचा लागला, झाडीत कोणालाच दिसलं नाही.

"लागला," म्हातारा म्हणाला. "आवाज आला मले. पन बसा. दोन चिलमा जाऊ द्या. मांगं लागलं का ते कोसभर पळते."

चिलमा झाल्या. अमृतरावांना उतरणं जड, म्हणून महिपत त्यांना धरून हळू हळू निघाला आणि केशव पुढं रक्त बघत गेला. दहा पावलांवर त्याला त्याचा तीर सापडला. आवळ्याच्या मुळाशी ओल्या मातीत पिसांपर्यंत घुसला होता. काळा दोरा, टोकाला रक्ताचा थेंब नाही. त्यानं तो उपसला आणि भात्यात टाकला.

रक्त घाणेरीतून गेलं होतं, बोरीच्या काट्यांतून, मग नाल्यात उतरलं होतं. वाळूवर सांबर आडवं पडलेलं. खांद्यामागं, अगदी जिथं हवा तिथं, तीर. हिरवा दोरा रक्तानं काळपट झालेला, पण कुठं कुठं हिरवा दिसत होता.

केशव गुडघ्यावर बसला. मागं वरून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू येत होता, अजून लांब होता. त्यानं फार विचार केला नाही. हिरव्या दोऱ्याचा तीर दोन्ही हातांनी ओढून काढला आणि बंडीच्या आत, पाठीशी खोचला. आपला तीर त्याच जखमेत दाबला. एका झटक्यात दोन्ही गोष्टी त्याच्या झाल्या. कमठाही आणि बायकोचा तीरही.

"हाये इथं!" तो ओरडला. "माहा लागला!"

दोघं उतरले. महिपत सांबराकडं बघून म्हणाला, "वा भाऊजी! काय जागी हानला!" खऱ्या आनंदानं म्हणाला. केशवला ते जास्त झोंबलं.

अमृतराव सांबरापाशी टेकले. त्याच्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला, तशी रीतच होती. मग तीर बघितला. पिसांवरून बोट फिरवलं, खाली, वर, पुन्हा खाली. बराच वेळ.

"केशव," ते म्हणाले, "घानेरीतून पळालं ना हे?"

"व्हय."

"बोरीतून?"

"व्हय ना, बा. रक्त तसंच हाये."

"तीनशे पावलं काट्यांतून पळालं, अन् पिसं अशी हायेत, जशी आत्ता बांधली. रक्ताचा एक थेंब नाई पिसाले. माती हाये." त्यांनी बोट वर केलं. बोटावर ओली तांबडी माती होती.

रान वाचायला ज्यानं शिकवलं, त्याच्यापुढं केशवनं खोटं मांडलं होतं. लहान पोरानंही केली नसती अशी चूक केली होती.

तेवढ्यात महिपत म्हणाला, "नाई मामा. भाऊजीचाच हाये. माहा वरून गेला, मी पाह्यला. झाडीत गेला."

तो केशवकडं बघत नव्हता. वाळूकडं बघत होता. केशवच्या पाठीवर, बंडीतून, रक्ताचा डाग बाहेर आला होता, आणि महिपत केशवच्या मागं उभा होता.

इतका वेळ केशव महिपतवर जळत होता ते म्हाताऱ्यापायी. आता तो त्याच्या चांगुलपणावरही जळाला. हेही यानंच करावं! खोटं बोलायचं तेही माझ्यासाठी, आणि मी मान खाली घालून ते घ्यायचं! त्यानं बंडीत हात घातला आणि तीर काढून वाळूवर टाकला.

"याचा हाये," तो म्हणाला. "माहा आवळ्याच्या मुळीत गेलता. सांबरानं बाजू द्यायच्या आधीच सोडला मी."

नाल्यात कुठंतरी रानकोंबडा ओरडला.

"काऊन सोडला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"याले बाजू भेटू नये म्हनून."

अमृतरावांनी मान हलवली. रागावले नाहीत. "कमठा महिपतचा," एवढंच म्हणाले. "डोकं अन् कातडंबी त्याचंच. मास गावात वाटून टाकू."

महिपतनं तीर वाळूतून उचलला. पाण्याच्या डबक्यात धुतला. दोरा पुन्हा हिरवा झाला. एका जागी दोऱ्यात एक लांब केस गुंतला होता, सोनानं दोरा दातात धरताना गेला असेल. महिपतनं तो अंगठ्यानं चाचपला आणि तोंड फिरवलं. खांदे हलत होते. केशवला पहिल्यांदा आठवलं की याचीही बहीण गेली आहे.

"घ्या भाऊजी," महिपत मागं न बघता म्हणाला. "तुमचाच हाये."

केशवला म्हणायचं होतं, नको, तुझ्याजवळ राहू दे. तेच शोभलं असतं. पण हात आधीच पुढं गेला होता.

चौथ्या दिवशी महिपत कमठा खांद्याला लावून किनवटाकडं निघाला. म्हातारा पांदीपर्यंत पोचवायला गेला. "येत जा. राज्य बदललं म्हनून रस्ता नाई बदलला," असं त्याला म्हणाला. परत आला तेव्हा केशव ओसरीवर तीर मांडीवर घेऊन बसला होता.

"मंग," म्हाताऱ्यानं विचारलं, "पुढच्या बारीले मारशील तो?"

केशवनं दोऱ्यावर बोट फिरवलं. हो म्हणावं असं वाटलं. म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

"नाई," तो म्हणाला. "आढ्यात खोचून ठेवीन."

अमृतराव त्याच्याकडं बघत राहिले. मग हसायला लागले. असे हसले की खोकला आला आणि केशवला पाठ चोळावी लागली. पाठ चोळता चोळता त्याची नजर पांदीकडं गेली. महिपत वळणाआड गेला होता. त्याला हे हसू ऐकू गेलं असतं तर बरं झालं असतं, असं केशवला वाटून गेलं.

मग तो म्हाताऱ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "बा, तो पापडखाराचा किस्सा काय होता, मले नीट सांगा बरं."